कारणाचा रकाना

हरिहर मुळे यांना चहा सोसत नसे. एक कप पोटात गेला की तासाभरात घशाशी आंबट यायचं, आणि दोन गेले तर संध्याकाळभर आवळासुपारी चघळत बसावं लागायचं. तरीही नगरपालिकेच्या फाटकासमोर बबनरावाच्या टपरीवर हा गृहस्थ रोज दोनदा चहा प्यायचा, कामावर येताना एकदा आणि दुपारच्या डब्यानंतर एकदा. असं बारा वर्षं चाललं होतं. त्यांच्या पत्नी मृदुलाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, त्या टपरीवाल्याशी तुमचं मागच्या जन्मीचं काही आहे का?" मुळे हसले नाहीत. "याच जन्मीचं आहे," एवढंच म्हणाले आणि आवळासुपारीची डबी उघडली.

याच जन्मीचं म्हणजे बासष्ट सालचं.

तेव्हा आजची ही शहरासारखी वस्ती नव्हती. गावं आपापल्या जागी बसलेली होती, मध्ये ज्वारीची रानं आणि बाभळी होत्या, आणि त्या रानांतून कंपन्यांची माणसं लोखंडी साखळ्या घेऊन मोजमाप करत हिंडायची. पिंपळे गुरवच्या अंगाला नदीकाठी बोरजाईवाडी नावाचं लहानसं गाव होतं. तिथल्या ग्रामपंचायतीत जुन्नरकडचा एक तेविसाव्या वर्षातला मॅट्रिक पास मुलगा कारकून म्हणून लागला. अक्षर मोत्यासारखं, टोपी पांढरीशुभ्र, आणि मिजास विचारू नका. गावकरी त्याला रिवाजाप्रमाणे भाऊसाहेब म्हणत. तेविसाव्या वर्षी चाळिशीतले बाप्ये भाऊसाहेब म्हणून उठून उभे राहायला लागले की कुणाचंही डोकं थोडं फिरतंच. मुळ्यांचं थोडं जास्त फिरलं.

चावडीच्या ओट्यावर सोपानराव नावाचे निवृत्त मास्तर दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसत. मूळचे खेडचे, लेकीकडे राहायला आलेले. जुन्या पद्धतीचे, मोडी वाचणारे. एके दिवशी कुणीतरी वाटणीचा जुना कागद घेऊन चावडीत आला आणि भाऊसाहेबांपुढे धरला. कागद मोडीत होता. मुळ्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, मग उजेडाकडे धरला. सोपानराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "द्या इकडं. भाऊसाहेबांच्या शाळंत मोडी शिकिवली न्हाई वाटतं." ओट्यावरचे चार लोक हसले. चारच हसले, पण मुळ्यांना ते चारशे वाटले.

आणि त्यानंतरच्या आठवड्यातच तालुक्याचं पत्रक आलं की जुनं दफ्तर निवडून काढा. दफ्तराची वर्गवारी सरकारात ठरलेली असते. ‘अ’ वर्गातले कागद कायमचे ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, आणि ‘ड’ वर्षभर ठेवून नष्ट करायचे. चावडीच्या माळ्यावर तांबड्या खारव्याच्या रुमालांत बांधलेले तीस-बत्तीस गठ्ठे होते. मुळ्यांनी एकेक खाली उतरवला, धूळ झटकली, गाठ सोडली. एका रुमालात सगळ्यात वर कोंडवाड्याची वही होती, बालबोधीत लिहिलेली. कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली, असल्या नोंदींची. तिच्याखालच्या दहा-बारा वह्यांच्या पाठीवरचं लिहिणं मोडीत. बाहेर ओट्यावर सोपानराव बसलेच होते. दहा पावलांवर. एक वही नेऊन पुढे ठेवली असती की काम झालं असतं.

मुळे उठले नाहीत. वर कोंडवाडा आहे म्हणजे खालीही कोंडवाडाच असणार, असं स्वतःला सांगून त्यांनी रुमालावर खडूनं ‘ड’ लिहिला.

चावडीमागे त्यांनी त्या रुमालाची होळी केली. जाड वह्या सहजी जळत नाहीत, काठीनं उलटत राहावं लागतं. उलटता उलटता एक वही मधोमध उघडली. आतलं लिहिणं मोडीत होतं, पण पानाच्या माथ्यावर छापील मथळा होता आणि तो मुळ्यांना वाचता येत होता. जन्म. त्याच्या शेजारच्या पानावर, मृत्यू. त्यांनी हात घातला तेव्हा कागद बोटांतच चुरगळला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पुढं जन्मभर गुळगुळीत पांढरा डाग राहिला. लोकांनी विचारलं की ते सांगत, स्टोव्ह भडकला होता.

गावातल्या वीस वर्षांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्या दुपारी गेल्या. तालुक्याला पाठवलेली प्रत असायची, म्हणून मुळे रजा टाकून तालुक्याला जाऊन आले. तिथली त्या सालांची बाडं ओल लागून एकमेकांना चिकटली होती, पान म्हणून सुटत नव्हतं. परत येताना एस.टी.त ते खिडकीला डोकं लावून बसले होते. कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी बबन आला. अर्जुन पाटलाचा थोरला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला चपचपीत तेल. नव्या कंपनीनं त्यांच्या भावकीची जमीन घेतली होती आणि घरटी एक माणूस कामावर घेणार होते. वय तिसाच्या आत पाहिजे आणि त्याला जन्माच्या नोंदीचा दाखला पाहिजे, असं फाटकावर सांगितलं होतं. मुळ्यांनी त्याला बसायला सांगितलं. मग त्यांनी एक रुमाल सोडला, बांधला, दुसरा सोडला, बांधला, तिसरा सोडला. जे शोधतोय ते कुठंच नाही हे पक्कं माहीत असताना शोधण्याचं सोंग करणं फार अवघड काम आहे.

"मिळत नाही," ते शेवटी म्हणाले.

बबन उठला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. कंपनीतली जागा त्याच्या चुलतभावाला मिळाली. बबननं कंपनीच्या फाटकापाशी चहाची टपरी टाकली. चुलतभाऊ निळा पोशाख घालून आत जायचा आणि हा बाहेर किटली घेऊन उभा असायचा. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "माझा कागद चावडीत गहाळ झाला, न्हाईतर मीबी आत असतो."

बबन येऊन गेला त्याच संध्याकाळी मुळ्यांनी एक कोरी वही घेऊन रकाने आखले. तारीख, नाव, कोणता कागद पाहिजे, मिळाला की नाही, आणि नसेल तर कारण. पहिल्या ओळीत लिहिलं, बबन अर्जुन, जन्मनोंद, मिळाली नाही. कारणाच्या रकान्यावर टाक थोडा वेळ थांबला, शाईचा एक ठिपका पडला, आणि रकाना तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर सोपानरावांपुढे जाऊन बसले. "मास्तर, मला मोडी शिकवा." सोपानरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पाटी आणवली. पुढं दोन वर्षं रोज तासभर हा पंचवीस वर्षांचा घोडा पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि येणारेजाणारे हसायचे. मधेच एकदा सोपानरावांनी विचारलं, "माळ्यावरचा सातवा रुमाल कुठं गेला हो?" मुळ्यांनी मान वर केली नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. "हं, पुढची वळी लिवा," म्हणाले. शिक्षक मोठा होता.

सत्तर साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र होऊन नगरपालिका झाली आणि सात गावांचं दफ्तर ट्रकमध्ये भरून एका जागी आलं. नगरपालिकेत कोण बांधकामाच्या टेबलाला चिकटलं, कोण पाणीपुरवठ्याच्या. रेकॉर्ड रूम मात्र कुणाला नको होती. तिथं बदली म्हणजे शिक्षा समजत. मुळ्यांनी अर्ज करून ती मागून घेतली. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला म्हणतात. बबनची टपरीही त्याच सुमारास नगरपालिकेच्या फाटकावर आली. टेबलं वाढली होती, चहा खपत होता. पहिल्याच दिवशी मुळे टपरीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बबनराव, एक चहा." बबनरावानं जास्तीचं दूध घालून दिला. तेव्हापासूनचं ते आंबट.

ती खोली ज्यांनी पाहिली त्यांना ती अजून आठवते. मागच्या अंगणाकडे उघडणारी लांबट खोली, भिंतीला भिडू न देता बोटभर पुढे ठेवलेली लोखंडी फडताळं, आणि त्यांत सातही गावांचे तांबडे रुमाल. प्रत्येक रुमालाच्या घडीत वेखंडाचा तुकडा आणि वाळलेला कडुनिंब. दार उघडलं की तो वास यायचा. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि चैत्रात, मुळे सगळे रुमाल अंगणात ऊन दाखवायला काढत. बायका पापड राखतात तसे स्वतः स्टूल टाकून राखत बसत. खिडकीपाशी एक टेबल आणि एक बाकडं होतं. त्यावर कुणीही येऊन बसावं आणि आपला कागद बघावा. नक्कल पाहिजे तर अर्ज आणि तिकीट. पण नुसतं बघायचं असेल तर अर्ज नाही, साहेबांची सही नाही, चार दिवसांनी या नाही. "कागद गावाचा आहे, मी राखणदार," असं ते म्हणत. वरच्या साहेबांना हे फारसं रुचत नसे. पण त्या खोलीत यायचं म्हणजे शिंका, त्यामुळे तपासायलाही कुणी येत नसे.

गर्दी गुरुवारी. कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, आणि वीज कपातीमुळं सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी. त्या दिवशी मुळे डबाही तिथंच खात. कुणी टर्नर आपल्या बापानं विहीर कोणत्या साली खणली ते बघायला यायचा. कुणाला शाळेत मास्तरानं ठोकून दिलेला एक जूनचा जन्मदिवस खरा करून घ्यायचा असायचा. निघोज्याचा एक म्हातारा दर दोन महिन्यांनी यायचा. त्याचं गाव या हद्दीत नव्हतंच, पण त्याची आत्या बोरजाईवाडीला दिलेली होती आणि शाळेसाठी जागा देणाऱ्यांच्या यादीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तेवढी यादी वाचून घ्यायचा, डोळे पुसायचा आणि पुढच्या एस.टी.नं परत जायचा. लातूरकडून आलेला एक फिटर एकदा नुसताच बाकड्यावर बसून राहिला. काय पाहिजे विचारलं तर म्हणाला, "माझं काय असणार हितं साहेब, आमी बाहेरचे. लोक आपापलं बगायलेत, ते बगत बसलोय." मुळ्यांनी वही पुढे ओढून त्याचं नाव, गाव, तारीख लिहिली आणि वही त्याच्याकडे फिरवली. "हा तुमचा इथला पहिला कागद," म्हणाले. तो फिटर पुढं दर दिवाळीला पेढे आणून देई.

वही भरली की दुसरी, मग तिसरी. जिथं जिथं ‘मिळाली नाही’ लिहावं लागलं तिथं तिथं मुळ्यांनी कारण लिहिलं होतं. वाळवी लागली. ओल. मुळात नोंद झालीच नाही. दुसऱ्या गावची निघाली, तिकडे पाठवले. एक रकाना तेवढा रिकामा होता आणि त्यात शाईचा एक ठिपका होता.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात नगरपालिकेची महानगरपालिका होणार असं नक्की झालं. नवीन फर्निचर, नवीन पाट्या, नवीन पदं. दाते नावाचे नवे कार्यालय अधीक्षक आले होते, नंदकिशोर दाते. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. ते खोलीत आले, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "मुळे, ही खोली आस्थापना विभागाला लागणार. ग्रामपंचायतींचं जुनं रेकॉर्ड इतकं कशाला? ‘अ’ वर्गाचं ठेवा, बाकीचं सोमवारी ट्रक येतोय, कागद गिरणीला जाईल. ‘ड’ तर डोळे मिटून."

"साहेब, डोळे मिटूनच तर नको," मुळे म्हणाले.

"येतं कोण इथं बघायला?"

"लोक येतात."

"किती? काही पुरावा? शुक्रवारी बैठक आहे, घेऊन या."

पुरावा होता. सात वह्या होत्या, वीस वर्षांच्या. पण त्या वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या म्हणजे पहिल्या वहीचं पहिलं पान ठेवायचं. दोन दिवस मुळ्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या वहीपासून न्याव्यात, असंही मनात येऊन गेलं. ते लपवण्यात अर्थ नाही. मृदुलाबाईंना त्यांनी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नवऱ्याच्या बोटांवरच्या डागाकडे पाहिलं. "आणि मी वीस वर्षं स्टोव्हला दोष देत होते," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सातच्या सात न्या. नोकरीचं काय व्हायचं ते होईल."

शुक्रवारी दात्यांच्या खोलीत पाच-सहा खातेप्रमुख होते. वह्या पाहून दाते चकित झाले, हे खरं. नावं मोजून कुणीतरी म्हणालं, दोन हजारांच्या वर आहेत. दाते पानं उलटत राहिले. मग कार्यालयीन माणसाच्या सवयीनं पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आले, आणि त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"सगळीकडे कारण लिहिलंय. इथं राहिलंय."

नेमक्या त्याच वेळी बबनराव किटली आणि पेल्यांचं जाळं घेऊन दारातून आत आला. बैठकांचा चहा तोच आणायचा. मुळ्यांनी त्याला पाहिलं. क्षणभर त्यांना वाटलं, तो जाईपर्यंत थांबावं. वीस वर्षं थांबलोच आहोत, आणखी दोन मिनिटं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, वही स्वतःकडे ओढली आणि त्या शाईच्या ठिपक्याशेजारी लिहिलं: ‘मी जाळली. ह. मुळे.’ वही परत फिरवून दात्यांपुढे ठेवली.

दात्यांनी वाचलं. "म्हणजे काय, मुळे?"

"मला मोडी येत नव्हती, साहेब. वरची वही कोंडवाड्याची होती, खालच्या वाचता आल्या नाहीत. विचारायची लाज वाटली म्हणून ‘ड’ लिहिला. त्या जन्ममृत्यूच्या निघाल्या. या बबनरावांची नोकरी त्यात गेली. ते इथंच उभे आहेत, विचारा." मुळे तसेच पुढे म्हणाले, "माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण सोमवारच्या ट्रकमध्ये जे भरणार आहात ते डोळे उघडून एकदा वाचू द्या. मला आता वाचता येतं."

बबनरावानं प्रत्येकापुढे पेला ठेवला, मुळ्यांपुढेही ठेवला, आणि किटली उचलून निघून गेला.

ट्रक त्या सोमवारी आला नाही. दात्यांनी दोन हुकूम काढले. पहिला, ग्रामपंचायतींचं रेकॉर्ड संपूर्ण यादी होईपर्यंत हलवू नये. दुसरा, मुळ्यांना लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंदीसह. मुळ्यांनी ताकिदीची नक्कल करून ती ‘अ’ वर्गात लावली.

आता शिक्षेचं काही वाटत नव्हतं, पण टपरीपुढून जायची छाती होत नव्हती. आठवडाभर मुळे मागच्या फाटकानं आले. पोट ठणठणीत झालं, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पुढच्या गुरुवारी लोकांची गर्दी ओसरल्यावर बबनराव स्वतःच आला. इतक्या वर्षांत तो त्या खोलीच्या दारातून पुढे कधी आला नव्हता. बाकड्यावर बसला.

"भाऊसाहेब, च्या सोडला?"

"मला चहा सोसत नाही, बबनराव. कधीच सोसत नव्हता."

"मग बारा वर्सं कशापाई पीत हुता?"

मुळ्यांनी समोरचा रुमाल उगाच पुन्हा बांधला. बबनराव हसला. "आन् म्या तुमच्या च्यात जास्तीचं दूध कशापाई घालत हुतो, सांगा? गावभर म्हणत फिरायचो, भाऊसाहेबानं माझा कागद हरिवला. त्याचं मनाला लागायचं."

"पण ते खरंच होतं."

"खरं कुठलं? माझं वय तवा तेहेतीस हुतं. चुलत्याला पक्कं ठावं हुतं. कागद निगाला असता तर कंपनीनं तितंच हाकललं असतं, आन् भावकीत शोभा झाली असती. तुमी न्हाई म्हनला, म्या सुटलो. कागदावर ढकलाया आलं."

मुळ्यांना हसावं की रडावं कळेना. वीस वर्षं ज्या ओझ्याखाली ते वाकून चालले होते ते ओझं मुळात त्यांचं नव्हतंच. त्यांना रागही आला, बबनरावाचा आणि स्वतःचाही. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी का न्हाई सांगितलं?"

अंगणात कुणाची तरी सायकल पडली आणि उचलली गेली.

"मग तुम्ही आलातच कशाला त्या दिवशी?" मुळ्यांनी विचारलं. "नोंद निघू नये असं वाटत होतं, तर मागायला का आलात?"

बबनरावानं पंच्यानं मान पुसली. मग फडताळाकडे बघत बोलला. "आईसाठी. मी दीड वर्साचा हुतो ती गेली तवा. बापानं दुसरी केली, घरात पहिलीचं नाव काडायचं न्हाई असा दंडकच हुता. आत्या म्हनायची तिचं नाव सोजर. चुलती म्हनायची भिमा. एक म्हायेरचं असंल, एक सासरचं. कुठलं घराण्यात चाललं, कोन सांगनार? म्हाळाला भटजी म्हनतो आईचं नाव घ्या. म्या दोनी घेतो. एक तर पोचत असंल." थोडं थांबून तो म्हणाला, "जन्माच्या वहीत असंल म्हनून आलो हुतो, भाऊसाहेब. कामाचं काय, काम पोटापुरतं मिळालं. ते तेवढं ऱ्हाऊन गेलं."

बबनराव उठून गेला तरी मुळे तिथंच बसून होते. बबनरावाची नोकरी त्यांच्यामुळे गेली नव्हती. ते हलकं झालं होतं. आणि जे खरोखर जळलं होतं ते आता पहिल्यांदा कळलं होतं.

यादी करायचं काम तसंही अंगावर होतंच. मुळ्यांनी ते बोरजाईवाडीपासून सुरू केलं. अडतीस दिवस लागले. शेवटी ट्रकसाठी बाजूला काढलेल्या ‘ड’च्या ढिगात एक पातळ, कोपरे कुरतडलेली वही निघाली. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरची, एकोणतीस-तीस सालची. असल्या वहीला कोण विचारतो? मोडीत, घाईघाईनं लिहिलेली, मध्ये मध्ये शाई ओघळलेली. मूल, बापाचं नाव, वय, टोचल्याची तारीख, मूल घेऊन येणाऱ्याचं नाव, आणि दाखला मिळाल्याची निशाणी. मुळे एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. चौदाव्या पानावर बोट थांबलं. त्यांनी तीन वेळा वाचलं. मग सोपानराव मास्तर हयात नाहीत याचं त्यांना फार वाईट वाटलं, कारण हे आधी त्यांना दाखवायला हवं होतं.

ते स्वतः टपरीवर गेले. "बबनराव, किटली खाली ठेवा आणि या."

बबनराव बाकड्यावर बसला. मुळ्यांनी वही त्याच्यापुढे उघडली आणि वाचून दाखवलं. "बबन. बाप अर्जुन. वय सहा महिने. आणणार, आई, भिमा." मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं काळपट शाईत एक लहानसा अंगठा उठला होता. रेघा अजून दिसत होत्या. "हा त्यांचा."

बबनराव त्या अंगठ्यावर वाकला. मग त्यानं चहानं पिवळे झालेले हात पंच्याला पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले, आणि विचारलं, "हात लावू का?"

मुळ्यांनी बारा वर्षांत दुसऱ्या कुणालाही शाईवर बोट ठेवू दिलं नव्हतं. त्या खोलीतला हा एकच नियम होता.

"लावा," ते म्हणाले.

नंतर त्यांनी नवी वही ओढली, तारीख घातली आणि लिहिलं: बबन अर्जुन, आईचं नाव, मिळालं. कारणाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. बबनराव म्हणाला, "त्या बुकात माझं वयबी खरं लिवा आता, बायकू बगंल तर बगू द्या."

त्या भाद्रपदात भटजीनं विचारलं तेव्हा बबनरावानं एकच नाव घेतलं.